अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाविषयी कसे बोलावे

वाचून संपलेल्या पुस्तकाविषयी बोलताना वाचकाला शेवट ठाऊक असतो, कोण कसे निघाले हे कळलेले असते, आणि त्यामुळे तो बहुधा निकाल देतो. पुस्तक अजून हातात उघडे असताना मात्र त्याच्याकडे निकाल नसतो. अंदाज असतात, शंका असतात, एखाद्या पात्रावरचा राग असतो, आणि पुढच्या प्रकरणात काय होणार याची ओढ असते. सांगलीत विश्रामबागेतील एका घराच्या गच्चीवर गेली काही वर्षे आम्ही दहाबारा वाचक दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी जमतो आणि फक्त ‘सध्या काय वाचता आहात’ एवढ्याच प्रश्नाला उत्तर देतो. या बैठकांतून माझे एक मत पक्के झाले आहे. चालू वाचनावरचे मत जर ते कोणत्या पानावर उभे राहून दिले आहे हे सांगून दिले, तर ते वाचून संपलेल्या पुस्तकावरच्या मतापेक्षा ऐकणाऱ्याला अधिक उपयोगी पडते, कारण त्यात वाचण्याची क्रिया दिसते. ते कसे द्यावे, कसे ऐकावे आणि त्यासाठी काय तयारी करावी, हे येथे आमच्या अनुभवावरून लिहीत आहे.

नोंद आधी, मत नंतर

बोलण्याची तयारी वाचतानाच करावी लागते. आदल्या रात्री पुस्तक पुन्हा चाळून काही सुचेल, अशी आशा ठेवू नये. त्यासाठी एक लहान वही पुरते. शाळेची शंभर पानी वही अर्धी कापून घेतली तरी चालते. प्रत्येक पुस्तकाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. वर पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवाद असल्यास अनुवादक, आणि शीर्षकाच्या पानामागील बाजूस छापलेले पहिल्या आवृत्तीचे व हातातील आवृत्तीचे वर्ष लिहावे. ही दोन वर्षे लिहून घेण्याचा कंटाळा करू नये. चाळीस वर्षांपूर्वी प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक गेल्या वर्षीच्या चकचकीत मुखपृष्ठामुळे नवे समजून ‘आजच्या काळात असे कसे लिहितात’ असा आक्षेप घेणारे वाचक मी पाहिले आहेत, आणि एकदा तो आक्षेप मीही घेतला आहे.

त्याखाली तारीख घालून जेथे थांबलो ते ठिकाण लिहावे, आणि येथे एक काळजी घ्यावी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातील आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले आणि खालच्या फळीवरची पुस्तके गेली. त्यांत मी वाचत असलेली एक जाड अनुवादित कादंबरी होती. पाणी ओसरल्यावर ती उचलली तेव्हा पाने एकमेकांना चिकटून तिची वीट झाली होती, आणि त्यात लग्नपत्रिकेची कापून केलेली खुणेची पट्टी मात्र अजून बाहेर डोकावत होती. वही पिशवीत माझ्याबरोबर होती, म्हणून वाचली. पुढच्या वर्षी एका स्नेह्याकडून त्याच कादंबरीची दुसरी प्रत मिळाली, वहीत पाहिले तर ‘पान १४२’ एवढेच लिहिलेले. नव्या आवृत्तीचा टाइप मोठा होता, आणि तिच्या १४२व्या पानावर जे चालले होते ते मी कधीच मागे टाकलेले होते. तेव्हापासून मी पानाच्या आकड्याबरोबर प्रकरण आणि त्या परिच्छेदाचे पहिले तीनचार शब्द लिहितो. एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या प्रती घेऊन दोघे बोलायला बसले, म्हणजे ही सवय फार कामाला येते. किंडलवर वाचणाऱ्यांना पानाऐवजी बहुधा टक्के दिसतात आणि ऐकीव पुस्तकात तास-मिनिटे. त्यांनीही प्रकरणच सांगावे, म्हणजे छापील प्रत हातात असलेल्याला ते ठिकाण शोधता येते.

नोंदीत सारांश लिहीत बसू नये. जेथे वाचताना आपण थांबलो, मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचले, चिडलो, कंटाळलो किंवा कोणाला तरी वाचून दाखवावेसे वाटले, तेवढीच जागा लिहावी आणि पुढे एक ओळ कारण लिहावे. कारण सुचत नसेल तर तसेच लिहावे. रविवारी बोलताना ते अनेकदा दुसराच कोणीतरी सुचवतो. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेही खुणा करू नयेत. पुढच्या वाचकाने कोठे थांबायचे हे आपण ठरवणे बरोबर नाही, आणि कोणीतरी अधोरेखित केलेले वाक्य वाचताना डोळा तेथेच अडकतो, हा अनुभव प्रत्येक सभासदाने घेतलेला असतो.

बोलण्याची पाच मिनिटे

प्रत्येकाला पाच मिनिटे पुरतात आणि त्याहून अधिक घेऊ नयेत. सुरुवातीलाच आपण पुस्तकात कोठे आहोत हे सांगावे: ‘एकूण अठरा प्रकरणे आहेत, मी सातव्यावर आहे.’ या एका वाक्याने पुढचे सगळे मत आपोआप योग्य मापात येते. मग आतापर्यंत काय झाले ते दोनतीन वाक्यांत सांगावे, आणि लगेच पुस्तक उघडून जास्तीत जास्त अर्धे पान वाचून दाखवावे. वाचून दाखवणे टाळू नये, असा माझा आग्रह आहे. ‘लेखिकेची भाषा फार सुंदर आहे’ हे ऐकून कोणाच्याही हाती काही लागत नाही. तिची पाच वाक्ये कानावर पडली की दहा माणसे दहा गोष्टी ऐकतात आणि बोलणे खऱ्या अर्थाने सुरू होते. अर्धे पान निवडताना सगळ्यांत गाजलेले निवडू नये, आपण जेथे थांबलो होतो ते निवडावे. शेवटी पुढे काय अपेक्षित आहे हे सांगावे. हा शेवटचा भाग बहुतेक लोक गाळतात, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण अपेक्षा सांगितली म्हणजे पुढच्या बैठकीत ती पुरी झाली की लेखकाने मोडली, हे पाहता येते.

‘आवडले’च्या पुढे

नवा माणूस गटात आला की तो साधारणपणे ‘छान आहे’, ‘वाचनीय आहे’, ‘खिळवून ठेवते’ किंवा ‘रटाळ आहे’, ‘पकड घेत नाही’ असे बोलतो. या शब्दांत चूक काही नाही, पण ते शब्द पुस्तकाविषयी फार थोडे सांगतात. अशा वेळी त्याला टोकू नये. एकच प्रश्न विचारावा, ‘असे कोणत्या पानावर वाटले?’ पान उघडले की कारण बहुतेक वेळा त्या पानावरच सापडते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या बाबतीत आमच्याकडे जे घडले ते सांगतो. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेल्या तरुण मास्तराची आहे, आणि तो माणदेश म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला आटपाडीकडचा भाग. वाळवा तालुक्यातून येणारा एक तरुण सुरुवातीच्या काही पानांवर असताना म्हणाला, ‘काहीच घडत नाही, मी कंटाळलो.’ त्याला पान विचारले. मास्तर शाळेसाठी मुले गोळा करण्याची खटपट करतो, तो भाग त्याने उघडला आणि आमच्यासमोर वाचला. वाचता वाचता तोच थांबला आणि म्हणाला की आमच्याकडे ऊस असतो, कॅनॉलचे पाणी असते, माणूस वर्षभर एका जागी असतो आणि पोर शाळेत जाणारच हे धरूनच चाललेले असते. मेंढरांमागे जाणाऱ्या घरात पोराला शाळेत घालणे म्हणजे कामाचा एक हात कमी करणे, हे मला वाचताना लक्षातच आले नाही. समोर बसलेल्या आटपाडीच्या निवृत्त शिक्षिका तेवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी सांगितले की नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याही अशाच दारोदार हिंडल्या होत्या, आणि म्हणून त्यांना ती पाने इतकी जवळची वाटली की पुस्तक म्हणून त्यांची पारख करणे त्यांना अजूनही जमत नाही. एकाला ते पान रिकामे वाटले आणि दुसरीला भरून आलेले. दोघांनीही आपापले गाव मोकळेपणाने सांगितले म्हणून बाकीच्यांना ते पान दोन बाजूंनी दिसले. तेव्हा मत देताना आपण कोठून आलो, काय काम करतो, कोणता अनुभव जवळ आहे किंवा नाही, हे एका वाक्यात सांगायला संकोच करू नये. मात्र तेवढ्यावर थांबून पुस्तकाकडे परत यावे. आपल्या आठवणी सांगण्यात पाच मिनिटे गेली तर पुस्तक तसेच मिटलेले राहते.

कंटाळा आला असेल तर कंटाळ्याचाही पत्ता द्यावा. वर्णन लांबले, पात्रांची नावे सारखी वाटून गोंधळ झाला, संवादांची बोली कळली नाही, की कामावरून थकून आल्यावर रात्री अकराला वाचायला बसल्यामुळे डोळे मिटत होते? शेवटचे कारण असेल तर ते पुस्तकाच्या माथी मारू नये. एका कादंबरीला मी चाळिसाव्या पानावर ‘रटाळ’ म्हणालो होतो, आणि माझ्या त्या शब्दावर विसंबून एकाने वाचनालयातून आणलेली प्रत न उघडताच परत केली. पुढे साठाव्या पानानंतर ती कादंबरी मला सोडवेना. पुढच्या रविवारी मी त्याची माफी मागितली आणि ती प्रत पुन्हा आणून त्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून ‘चाळिसाव्या पानापर्यंत तरी मला ती संथ वाटते’ असेच वाक्य माझ्या तोंडी येते.

ज्यांनी ते पुस्तक आधीच वाचले आहे

गटात सगळ्यांत अवघड जागा यांची असते. समोरचा माणूस पाचव्या प्रकरणावर असतो आणि यांना विसावे ठाऊक असते. ‘थांबा, पुढे बघा काय होते ते’ एवढे म्हटले तरी काहीतरी होणार आहे हे फोडल्यासारखेच होते. चेहऱ्यावरचे हसूही पुष्कळ सांगून जाते. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की आधी वाचलेल्याने त्या पुस्तकावर फक्त प्रश्न विचारावेत, आणि तेही समोरच्याने वाचलेल्या भागापुरतेच. ‘बाई, तुम्ही कितव्या प्रकरणावर आहात?’ असे आधी विचारून मगच तोंड उघडावे. ‘त्या भावाविषयी तुम्हाला आत्ता काय वाटते?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. पण तोपर्यंत कोणी त्या भावाकडे लक्षच दिले नसेल तर तोही विचारू नये. शेवट माहीत असलेल्याने काय साधावे? आपण पहिल्यांदा ते पान वाचले तेव्हा काय वाटले होते ते आठवावे आणि जमल्यास तेवढेच सांगावे. ज्याच्याकडे जुनी वही असते, त्यालाच हे प्रामाणिकपणे करता येते.

मतभेद होतातच आणि व्हावेत. त्यात बोट पानावर ठेवावे, माणसावर ठेवू नये. ‘सर, तुम्हाला ही स्त्री स्वार्थी वाटली, मला वाटली नाही, ती पत्र फाडते तो परिच्छेद पुन्हा वाचू या का?’ असे म्हटले की वाद मजकुराकडे वळतो. वडीलधाऱ्यांचे मत ऐकून तरुण मंडळी गप्प बसतात, हे आमच्याकडे सुरुवातीला फार होई. त्यावर उपाय म्हणून सगळ्यांत लहान वयाच्या वाचकाने पहिल्यांदा बोलावे असे ठरवले, आणि तो क्रम आजवर मोडलेला नाही.

ऐतिहासिक कादंबरी, अनुवाद, कविता

सातारा-सांगलीकडच्या वाचकांना ऐतिहासिक कादंबरीबाबत विशेष जपावे लागते. १६५९ मधील अफजलखानाचा प्रसंग ज्या प्रतापगडाच्या पायथ्याशी घडला, तो प्रतापगड सातारा जिल्ह्यात आहे, आणि १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. ही माणसे आपल्याला पुस्तकांतली वाटतच नाहीत, घरची वाटतात. त्यामुळे बोलणे पुस्तकावर सुरू होते आणि पाहता पाहता त्या पुरुषाच्या थोरवीवर जाते. ते टाळायचे असेल तर बोलताना ‘असे घडले’ म्हणू नये, ‘कादंबरीत असे दाखवले आहे’ म्हणावे. लेखकाने संवाद स्वतः रचले आहेत, मनातले विचार स्वतः घातले आहेत, आणि आपल्याला नेमकी तीच कारागिरी पाहायची असते. प्रस्तावनेत किंवा शेवटी आधाराची साधने दिली आहेत का, हे पाहून सांगावे. एखाद्या घटनेविषयी शंका आली तर तेथेच वाद घालत न बसता टिपून घ्यावी आणि मराठी विश्वकोशातील संबंधित नोंद वाचून पुढच्या खेपेला यावे. ज्या विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत उभे राहिले, तो आता संकेतस्थळावरही वाचता येतो.

अनुवादित पुस्तकात ‘भाषा बोजड आहे’ असे वाटले तर ती कोणाची भाषा, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. मराठीत कोणी असे बोलत नाही असे जाणवले तर तो बोजडपणा बहुधा अनुवादातला असतो, आणि वाक्य सरळ असूनही विचार गुंतागुंतीचा वाटला तर तो मूळ लेखकाचा असण्याचा संभव अधिक. स्तुती करतानाही अनुवादकाचे नाव घ्यावे. त्याने लिहिलेली मराठीच आपण वाचत असतो.

कवितासंग्रहाला ‘कोठवर वाचला’ हा प्रश्न फारसा लागू पडत नाही. एक कविता दोनदा वाचावी, मध्ये थोडे थांबावे, आणि अर्थ सांगण्याची घाई करू नये.

सोडून दिलेले पुस्तक

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरही बोलावे. ते कमीपणाचे नाही. मात्र सोडताना तीन गोष्टी वहीत लिहाव्यात: कोठे सोडले, का सोडले, आणि पुन्हा उचलावेसे वाटेल अशी काही शक्यता आहे का. एका सदस्याने एका दिवंगत नेत्याचे चरित्र तिसऱ्या प्रकरणात सोडले, कारण त्याच्या म्हणण्यानुसार प्रत्येक पानावर गुणगान होते आणि एकाही ठिकाणी त्या माणसाचे चुकलेले दिसत नव्हते. हे ऐकून दुसऱ्याने तेच चरित्र हट्टाने वाचायला घेतले आणि सहाव्या प्रकरणात कुटुंबातल्या एका भांडणाची दोन पाने सापडल्याचे सांगितले. पहिल्याने त्यानंतर पुस्तक परत घेतले की नाही, हे आम्ही विचारले नाही. सोडण्याचे कारण नीट सांगितले असल्यामुळेच दुसऱ्याला नेमके काय शोधायचे ते कळले होते.

गट जमवताना

आठ ते बारा माणसे असावीत. त्याहून जास्त झाली तर दोन तासांत सगळ्यांना पाच मिनिटे आणि नंतरची चर्चा मिळत नाही. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचावे असा आग्रह धरू नये. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती वाचनालयात मिळत नाहीत आणि विकत घ्यायला सगळ्यांना परवडत नाही. शिवाय जो तो आपल्या ओढीने वाचत असला म्हणजे बोलण्यात जीव येतो. ‘या पंधरवड्यात दहाच पाने झाली’ असे सांगणाऱ्यालाही पूर्ण पाच मिनिटे द्यावीत. चहा शेवटी ठेवावा. कोण काय वाचते आहे आणि कोठवर आले आहे याची यादी आळीपाळीने एकाने ठेवावी आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला ती वाचून दाखवावी, म्हणजे मागच्या वेळच्या अपेक्षा सगळ्यांना आठवतात.

वर्षातून एकदा महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला जावे, अशी माझी मनापासून शिफारस आहे. ४ मे २०१७ रोजी हे पुस्तकांचे गाव म्हणून सुरू झाले, तेव्हा गावातल्या २५ ठिकाणी, त्यांत लोकांच्या घरांतही, विषयवार पुस्तके ठेवलेली होती. कोणीही आत जावे, बसावे आणि वाचावे. आमच्या गटाला तेथे मोठा सराव झाला. पुस्तक घरी आणता येत नाही आणि संध्याकाळी परतायचे असते, त्यामुळे जे हाती घ्याल ते अर्ध्यावर सोडावेच लागते. आम्ही सकाळी वेगवेगळ्या घरांत पांगलो, दुपारी जेवायला एकत्र आलो, आणि प्रत्येकाने तीन तासांत जेवढे वाचले तेवढ्यावरच बोलायचे असे ठरवले. कोणालाच शेवट ठाऊक नव्हता, म्हणून कोणी निकाल दिला नाही. त्या दुपारी एकीने एका प्रवासवर्णनाच्या बावीस पानांवर असे काही सांगितले, की परतल्यावर चौघांनी ते मिळवून पूर्ण वाचले.

पुस्तक संपले की वहीतल्या त्याच दोन पानांवर शेवटची तारीख घालावी आणि आता काय वाटते ते लिहावे. आधीच्या नोंदी चुकीच्या ठरल्या असल्या तरी त्या खोडू नयेत, त्यांवर दुरुस्ती करू नये. आमच्या आटपाडीच्या बाईंच्या वहीत एका आत्मचरित्राच्या पानावर ‘प्रकरण ४ – हा माणूस मला आवडत नाही’ असे निळ्या शाईत आहे, त्याखाली ‘प्रकरण ११ – अजूनही नाही, पण त्याच्या आईविषयीची पाने दोनदा वाचली’ असे आहे, आणि सगळ्यात खाली शेवटच्या तारखेपुढे त्यांनी फक्त त्या आईचे नाव लिहिले आहे. त्या रविवारी पाच मिनिटांत त्यांनी या तीन नोंदी वाचून दाखवल्या, आणि मग पुस्तक उघडून अकराव्या प्रकरणातले ते अर्धे पान.